मथी, पलित आणि चार ओळींचा कागद

परीक्षणासाठी माझ्याकडे पुस्तके येतात ती बहुधा पोस्टाने, आणि त्यांचे लेखक बहुधा घाईत असतात. गेल्या दोन वर्षांत मात्र ज्या लेखनावर मी सर्वांत अधिक वेळ घालवला, ते पुस्तक नव्हते. वहीतून फाडलेल्या अर्ध्या कागदावरचे ते चार-पाच ओळींचे लेखन होते, आणि त्याची लेखिका आमच्या शेजारची, कॉलेजात जाणारी मुलगी. “काका, एवढी भाषा तपासून द्या ना,” असे म्हणून ती कागद पुढे करी आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता जिन्याखालच्या टोपलीत काय चालले आहे ते पाहावयास जाई. टोपलीत मांजराची पिल्ले असत. त्यांना कोणी तरी घरी न्यावे म्हणून तो कागद लिहिलेला असे. मी शुद्धलेखन तपासले की तो आधी किराणा दुकानाच्या दारावर, मग दूधडेअरीच्या भिंतीवर चिकटे. आणि त्याची एक नक्कल धुळ्याला तिच्या मावसबहिणीकडे जाई, कारण हाच उद्योग तीही तिकडे करते.

उद्योग म्हटले खरे, पण त्यात पैसा जातो, येत नाही. जळगावची ही पाच-सहा मुले आणि धुळ्याची तितकीच. त्यांच्या मंडळाला नाव नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. मांजरांना खायला घालावयाचे, पिंजरा लावून त्यांना धरावयाचे, जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन शस्त्रक्रिया करवावयाची, म्हणजे पुढची वीण थांबते. मग कानाच्या टोकाला एक छोटी खूण करून मांजर जिथून आणले तिथेच नेऊन सोडावयाचे. खूण अशासाठी, की तेच मांजर पुन्हा धरले जाऊ नये. जे माणसाळते त्याच्यासाठी घर शोधावयाचे. जळगावात घर मिळाले नाही तर टोपली मांडीवर घेऊन एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जावयाचे. तिकडचे इकडे येते तेही असेच. खानदेशच्या उन्हाळ्यात हा प्रवास काय असतो, ते ज्याने दुपारी दोनची गाडी धरली आहे त्याने समजून घ्यावे.

पत्रे आणि रोजनिशा यांना आपल्याकडे केव्हाच वाङ्मयात जागा मिळाली आहे. तेव्हा या कागदांचे परीक्षण करावयास कोणाची हरकत नसावी. शिवाय एका बाबतीत हे लेखन कादंबरीहून कठोर कसोटीला लागलेले असते. कादंबरी फसली तर ती रद्दीत जाते. हा कागद फसला तर पिल्लू टोपलीतच राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या घरी जाते.

पहिल्या काही कागदांचा माझ्यावर काय परिणाम झाला ते सांगतो. प्रत्येक पिल्लू ‘गोंडस’ होते. प्रत्येकाचे डोळे ‘निरागस’ होते आणि प्रत्येक जण ‘हक्काच्या घराच्या प्रतीक्षेत’ होता. पाचव्या कागदानंतर मला एकाही पिल्लाचा रंग आठवेना. भावना खरी असून भाषा उसनी असली म्हणजे असेच व्हावयाचे. आपल्या पुष्कळ कवितासंग्रहांचे दुखणे याहून वेगळे नाही. मी विशेषणे खोडली आणि समासात लिहिले, “रंग? वय? नर की मादी? काय खाते?” मुलीचा चेहरा किंचित उतरला. पण पुढच्या कागदावर ‘पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, शेपटीचे टोक वाकडे’ असे आले, आणि ते वाकडे टोक माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे.

दुसरा शब्द ‘मुका जीव’. ज्या गृहस्थाने दोन बोक्यांच्या भांडणात एक रात्र काढली आहे, तो मांजराला मुके म्हणणार नाही. मांजर मुके नाहीच. आणि गंमत अशी की, आपण ज्याला ‘म्याव’ म्हणतो तो आवाज मोठी मांजरे एकमेकांशी क्वचितच काढतात. तो मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेला असतो. जो प्राणी आपल्यापुरती वेगळी भाषा बोलतो, त्यालाच आपण मुके ठरवले!

पण सर्वांत अनर्थकारक शब्द ‘अनाथ’. याबाबतीत मुलीनेच मला शिकवले, आणि तेव्हापासून शब्दाचा परिणाम हा केवळ वाङ्मयीन प्रश्न आहे असे मी म्हणत नाही. माळ्यावर किंवा लाकडांच्या ढिगात तीन पिल्ले एकटी दिसतात. पाहणाऱ्याच्या मनात लगेच ‘अनाथ’ हा शब्द उभा राहतो, त्याला उमाळा येतो आणि तो ती उचलून आणतो. त्यांची आई मात्र तेवढ्यात उंदीर धरावयास गेलेली असते. मांजर पिल्ले सात घरे फिरवते असे आपल्या आज्या सांगत; त्यातले सहावे आणि सातवे घर यांच्यामध्ये ही दयाळू माणसे येतात. पाजणारी आई जवळपास असताना दुधावरचे पिल्लू उचलणे म्हणजे ते जगण्याची शक्यता कमी करणे. ती मुले आता प्रथम आडोशाला बसून आईची वाट पाहतात, तासन् तास. इतकी चिकाटी मी तरी एखाद्या शब्दाचा अर्थ लावताना कधी दाखवलेली नाही.

दुधाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. आपल्या म्हणींतले मांजर डोळे मिटून दूध पिते, शिंके तुटले की साधून घेते, दुधाच्या राखणीला बसते. म्हणजे मराठी भाषेतल्या मांजराचा सारा संसार दुधावर चालतो. प्रत्यक्षात पुष्कळशा मोठ्या मांजरांना गायी-म्हशीचे दूध नीट पचत नाही, पोट बिघडते. कागदात ‘फक्त दूध-पोळी खाते, शाकाहारी घरालाही चालेल’ असे एकदा लिहिले होते. ते वाक्य मुलीने स्वतःच खोडले. घरे कमी मिळतील हे तिला ठाऊक होते.

आता थोडे मागे जातो. मांजराविषयी लिहिताना ही उसनी भाषा या मुलांनी आणली कोठून? आमच्याकडूनच. आमच्या वाङ्मयाने मांजराला दोनच जागा दिल्या: एक ढोंग्याची, दुसरी पाळण्याजवळची. ढोंगी मांजर फार जुने. महाभारताच्या उद्योगपर्वात तप करणारे मांजर उंदरांना फसवून खाते. मनुस्मृतीने तर दांभिक माणसाला ‘बैडालव्रतिक’ असे नावच ठेवले. पाळण्याजवळची ती मनीमाऊ. (‘मनी’ हे नाव मराठीत मुलीचे आणि मांजरीचे एकच असते हे मला नेहमी विलक्षण वाटते. आमच्या खानदेशातल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त, १९६३ साली, पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीचे नाव मनी आहे, ती जाते, तो भाग ज्याने वाचला आहे त्याला हे नाव पुन्हा सहज उच्चारता येत नाही.) गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताचा श्लोक आहे, त्यात गाय आहे, हत्ती आहे, कुत्रा आहे, मांजर नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे. तो श्लोक ऐकताना गुरुजींना आपल्या घरचे मांजर आठवले असेल काय, असा एक पोरकट प्रश्न माझ्या मनात येतो. कारण पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, आणि त्या पुस्तकात मथी आहे.

मथी ही श्यामच्या आईची आवडती मांजर. आई गेल्यावर ती अन्न सोडते आणि आईपाठोपाठ जाते. प्रसंग लहानसा आहे. मोरी गायीइतका तो कोणाच्या बोलण्यात येत नाही, पण ज्याने लहानपणी वाचला तो विसरत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवलेल्या या शिक्षकाने मराठी मांजराला ढोंगीपणाच्या आरोपातून सोडवले, ही गोष्ट लहान नव्हे. या एका प्रसंगासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

आणि तरीही माझी तक्रार आहे. मथीला आपल्या मनात जागा मिळते ती ती निष्ठावंत ठरते म्हणून. तिने प्राण देऊन आपले प्रेम सिद्ध करावयाचे, मग आपण रडावयाचे. पण जे मांजर कोणासाठी उपाशी राहणार नाही, हाक मारली तर येणार नाही, हात पुढे केला तर बोचकारेल, त्याचे आपण काय देणे लागतो? याचे उत्तर मथीपाशी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पाळीव प्राणी’मध्येही ते मिळावयाचे नाही, तिथे थट्टा आहे ती पाळणाऱ्यांची, आणि ती मोठी झकास आहे.

या प्रश्नाशी माझा संबंध निव्वळ वाङ्मयीन नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी साने गुरुजींवर माझे व्याख्यान झाले. मथीचा प्रसंग मी सांगितला. समोरच्या काही बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि माझाही गळा भरून आला. त्याच आठवड्यात आमच्या माळ्यावर मांजर व्याले होते. चार पिल्ले पोत्यात घालून मी सायकलवरून बांभोरीच्या पुलापलीकडे, गिरणेच्या काठी सोडून आलो. घरोघरी हेच करीत असत आणि त्यात कोणाला काही वाटत नसे. मलाही वाटले नाही. वाटू लागले ते रात्री. आई तीन रात्री घरभर हिंडून ओरडत होती. चौथ्या रात्री ती आली नाही. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते अशी आपल्याकडची समजूत. जळगावचा सराफबाजार हाकेच्या अंतरावर असूनही मी तिकडे फिरकलो नाही, कारण मी ‘मारले’ नव्हते, ‘सोडले’ होते. भाषा अशा वेळी फार उपयोगी पडते. जनावर भुकेने-तहानेने हाल होतील असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला आहे. पहिल्या खेपेस दंड दहा ते पन्नास रुपये. हे मला मागाहून कळले. दंड वाचून मला हसू आले आणि मग हसू आल्याचे वाईट वाटले. त्या पुलापलीकडच्या टेकडीवर आता बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ आहे. परीक्षेच्या कामाला तिकडे जाणे होई, तेव्हा मी पुलावरून उजवी-डावीकडे पाहात नसे.

म्हणून तर मुलीचे कागद मी इतक्या आस्थेने तपासू लागलो. आणि तेथेच माझ्या हातून चूक झाली.

एक करडी मादी होती, चार-साडेचार महिन्यांची. डाळमिलच्या आवारातून आणलेली. पिल्लू दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत माणसाच्या हातांत वावरले तर ते माणसाळते. ती वेळ टळली की पुढे सारे कठीण होते, अशक्य म्हटले तरी चालेल. ही वेळ टळलेली होती. मुलीने लिहिले होते, ‘जरा घाबरते.’ वाक्य मला लंगडे वाटले. लय बिघडत होती. मी ‘जरा घाबरते’ खोडून ‘लाजरी पण लाघवी’ असे केले. ल-काराचा अनुप्रास साधला म्हणून मनात किंचित सुखही झाले. दोनच दिवसांत धुळ्याचे एक कुटुंब तिला घेऊन गेले. घरात दोन लहान मुली होत्या आणि त्यांना लाघवी मांजर हवे होते. करडी पंधरा दिवस कपाटामागून बाहेर आली नाही. धाकटीने हात घातला तेव्हा ती चावली. मुलीला दवाखान्यात इंजेक्शने घ्यावी लागली. कुटुंबाने रागाने नव्हे, अगदी नाइलाजाने, करडीला बाजारात सोडून दिले. मावसबहिणीने आठवडाभर शोधले. ती पुन्हा दिसली नाही.

मुलगी मला काही बोलली नाही. पुढचे दोन महिने मात्र कागद आला नाही.

त्या दोन महिन्यांत मी मांजरांविषयी पुष्कळ वाचले. समीक्षकाचे प्रायश्चित्त असेच असावयाचे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १९०२ साली एक कथा छापली. तिच्यात कुत्रा, घोडा आणि गाय आपले स्वातंत्र्य देऊन माणसाच्या घरी राहतात; मांजर मात्र करार करून शेगडीजवळची ऊब आणि दूध मिळवते आणि स्वतःला कोणाच्या मालकीचे होऊ देत नाही. कथा चतुर आहे, पण चतुरपणापाशी थांबते. त्याहून मला बंकिमचंद्रांचा ‘कमलाकांत’ मोठा वाटला. १८७५ च्या त्या पुस्तकात अफूच्या तंद्रीतल्या कमलाकांताचे दूध मांजर पिऊन टाकते, तो काठी उचलतो, आणि मांजर त्याला विचारते की, खाऊन उरेल एवढे साठवणारा निर्दोष आणि भुकेपोटी चोरणारा तेवढा दोषी, हा न्याय कुठला? वादात हरलेला कमलाकांत शेवटी उद्याच्या फराळात तिला वाटा देऊ करतो. हे मांजर निष्ठावंत नाही, लाघवी तर नाहीच. ते भुकेले आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. आपल्या विनोदी निबंधाला हे सुचले नाही याची मला थोडी खंत वाटते.

पण मी शोधत होतो ते मला मिळाले शांतिपर्वात. भीष्म युधिष्ठिराला पलित नावाच्या उंदराची आणि लोमश नावाच्या मांजराची गोष्ट सांगतात. लोमश जाळ्यात सापडलेला. पलितावर एकीकडून मुंगूस आणि दुसरीकडून घुबड टपलेले. उंदीर मांजराच्या कुशीत शिरून जीव वाचवतो आणि मोबदल्यात जाळे कुरतडावयाचे कबूल करतो. मात्र शेवटचा धागा तो पारधी दिसेपर्यंत राखून ठेवतो. सुटल्यावर लोमश त्याला मित्र म्हणून हाका मारतो. पलित बिळातून उत्तर देतो, पण बाहेर येत नाही. आजवर राजनीतीचा धडा म्हणून ही गोष्ट वाचली गेली, आणि भीष्मांनी सांगितली तीही त्याचसाठी. मला मात्र तिच्यात पिंजरा लावणारी ती मुले दिसली. जाळे तोडावयाचे, आणि मग अंतर राखावयाचे. समोरच्याने आपला स्वभाव बदलावा ही अट नाही. पलिताला त्यात जिवाचा स्वार्थ होता आणि या मुलांना कसलाच नाही, एवढा फरक मी विसरत नाही. पण त्यांचे निम्मे काम पलिताचे असून भाषा तेवढी ती मथीची वापरतात, आणि ती भाषा त्यांच्या हाती देणाऱ्यांत मी होतो, हे मला तेव्हा उमगले.

शब्दाचीही एक अडचण होती. घर हरवलेले, माणसाची सवय असलेले मांजर ते ‘भटके’. पण जन्मापासून माणसाच्या हाताबाहेर राहिलेल्या मांजराला काय म्हणावे? ‘रानमांजर’ म्हणता येत नाही. तो वेगळाच प्राणी, आपल्याकडे केळी-उसाच्या शेतांत असतो, आणि वन्यजीवांच्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याची पिल्ले कोणी घरी आणू नयेत. ‘बेवारशी’ हा शब्द पोलिसांचा. मला ‘बुजरे’ हा शब्द सुचला. घोड्या-बैलांसाठी तो आपण वापरतोच. त्यात दोष नाही, दया नाही, आणि लाघव तर मुळीच नाही.

दिवाळीच्या आधी मुलगी पुन्हा आली. वसुबारसेला आम्ही गाय-वासरू पुजतो, पोळ्याला बैल, नागपंचमीला नाग. मांजराच्या वाट्याला दिवाळीत येतात ते फटाके. त्या दिवसांत मांजरे बिथरून कोठल्या कोठे जातात, म्हणून या मुलांची धावपळ आधीच सुरू होते. तिने कागद पुढे केला. या वेळी ती टोपलीकडे गेली नाही, समोर उभी राहिली.

कागदात असे होते: काळा-पांढरा बोका, वय अंदाजे तीन वर्षे, शस्त्रक्रिया झालेली, डाव्या कानाला खूण. हात लावू देत नाही, पुढेही देणार नाही. मांडीवर बसणारे मांजर हवे असेल त्यांनी नेऊ नये. गोदाम किंवा गोठा, रोज पाणी, एक वेळचे खाणे, आणि बसावयास उंच जागा एवढे लागते. उंदीर धरतो.

‘बुजरे’ हा शब्द मी तिला जिन्यात बोलता बोलता एकदा सांगितला होता. तो शेवटच्या ओळीत आला होता: ‘स्वभावाने बूजरा आहे.’

मी दोनदा वाचला. मग उकार तेवढा ऱ्हस्व केला आणि कागद तिला परत दिला.

बोका आता एका डाळीच्या गोदामात आहे. मी पाहून आलो. मालकाने पोत्यांच्या थप्पीकडे बोट केले. वर काळोखात दोन डोळे होते. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले, आणि मग ते तिथे नव्हते.